आलोचचा उतार

मघाशी साहेबांना हाक मारलीत ती मारलीत, ताई. आता पुन्हा नको. फोटो काढा, पाण्यात पाय सोडा, वाटेल ते करा. पण या खडकापाशी उभं राहून, पलीकडं गावाकडं तोंड करून हाक तेवढी मारायची नाही. हा पाठ वाकवून बसलाय ना काळा खडक, याला आम्ही सटवा म्हणतो. पलीकडं पाण्याच्या काठाला एक रिकामं जोतं दिसतं, ते त्याच्या झोपडीचं. आणि या जागेला म्हणतात आलोचचा उतार.

पूल झाला तो अलीकडं. पूर्वी तांबडी नदी ओलांडायची तर इथूनच, होडीनं, आणि होडी सटवा भोयाची. माणूस सोन्यासारखा, असं सांगतात. कुणाला उलटून बोलायचा नाही, कुणाला नाही म्हणायचा नाही. या काठावरून हाक गेली, "सटवाऽऽ, होडी आण!" की तो पडल्यापडल्याच ओ द्यायचा, "आलोऽऽच!" आवाज असा खणखणीत की ऐकणाऱ्याला वाटावं, निघालाच हा. आणि हा पठ्ठ्या नुसती कूस बदलायचा! मग तंबाखू मळायचा. मग जाळ्याची एक गाठ, मग आणखी एक. इकडं माणूस उन्हात ताटकळत उभा. हसू नका ताई, मघाशी माझ्यादेखत फोनवर 'निघालेच' म्हणालात तेव्हा तुमच्याही हातात चहाचा कप होता.

त्याची बायको येसू फार चिडायची. "अवं, उठा की! माणसं खोळंबलीत."

"सांगितलं न्हवं त्यांना आलोच म्हणून," तो म्हणायचा. एकदा ओ दिली की निम्मं काम उरकल्यासारखं वाटायचं त्याला. एके दिवशी येसू रागाच्या भरात बोलून गेली म्हणे, "तुमची ओ एकलीच जाती पलीकडं. एक दिवस तिकडंच ऱ्हाईल, बघा." सटवा हसला. येसूही विसरली.

त्यांना एकच लेक, चंद्री. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. सासऱ्यानं बैलगाडीनं इथवर आणली, तिनं हाक मारली, "आबाऽऽ!" आणि पलीकडून ओ आली, "आलोऽऽच, पोरी!" ती ऐकली आणि सासऱ्यानं निर्धास्तपणे गाडी वळवली. बाप निघाला म्हणतोय, मग थांबायचं कशाला? चंद्री होडी लागायची त्या खालच्या कातळावर टेकली. अवघडलेली पोर, उभं तरी किती वेळ राहणार?

लेकीचा आवाज त्यानं ओळखला नव्हता असं नाही. ओळखला, आणि गालात हसला. येसू बाजारला गेली होती, उठवायला कुणी नव्हतं. हातात झोळी होती, येणाऱ्या नातवंडासाठी विणायला घेतलेली. काठाच्या थोड्याच गाठी राहिल्या होत्या. पुरी करून बरोबरच न्यावी, पोरीला दाखवावी, असं त्याच्या मनात आलं. परक्याला खोळंबवायची थोडी तरी लाज वाटते; ही काय, घरचीच.

इथं लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात आभाळ फाटलं होतं. पाणी लाल झालं. "आबा, पाणी चढतंय!" चंद्री ओरडली. "आलोच, आलोच!" तो म्हणाला, मान वर न करता. बाप येतोय म्हणून ती तिथंच थांबली. तो गप्प बसला असता ना ताई, तर ती चढून वरच्या देवळात गेली असती. तिसरी हाक आलीच नाही. झाली एकदाची हिची घाई करून, असं म्हणत सटवानं शेवटची गाठ मारली आणि मग उठला.

कातळ दिसतच नव्हता.

होडी कशी वल्हवली, नदी कशी पार केली, देव जाणे. या काठाला लागला आणि ऊर फुटेस्तोवर ओरडला, "चंद्रेऽऽ!" तर पलीकडून, त्याच्या रिकाम्या झोपडीतून, ओ आली.

"आलोऽऽच, पोरी!"

त्याचाच आवाज. तसाच खुशालीचा, पडल्यापडल्या दिलेला. त्याला वाटलं, भास. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. मग तो त्या आवाजालाच हात जोडून विनवायला लागला, "अरं ये की! लवकर ये, माझी पोर गेली!" आणि तिकडून दर खेपेला मोठ्या मायेनं, "आलोऽऽच."

पाणी ओसरल्यावर येसूनं पलीकडून पाहिलं, तर सटवा इथं बसलेला, मांडीवर झोळी. तिनं घसा फोडून बोलावलं. तो म्हणाला, "त्यो येतो म्हणतोय. आला की निघतो." तो स्वतःचीच वाट बघत बसला होता, ताई. तसाच बसून राहिला, आणि त्याचाच हा खडक झाला, असं सांगतात. पाठीवर हात ठेवून बघा, उन्हातसुद्धा गार लागेल.

पुढं येसूनं गावाला एकच मागणं घातलं. म्हणून आमच्यात बसल्या जागेवरून ओ देत नाहीत. आधी उठायचं, पाऊल टाकायचं, मग तोंड उघडायचं. नवी सून आली की तिला आधी हे शिकवतात. ओ देताना 'आलोच' हा शब्द गावात कुणाच्या तोंडी सापडायचा नाही.

पण नदीनं तो सोडलेला नाही. आजही इथून कुणाचंही नाव घेऊन हाक मारली की त्या जोत्यावरून ओ येते, आणि आवाज ज्याला बोलावलं त्याच्यासारखाच वाटतो. मघाशी तुम्हालाही आली. ती ऐकून तर तुम्ही इथं कातळावर टेकलात, साहेब पुलावरून येतील म्हणून.

साहेब पलीकडं गेलेच नव्हते, ताई. ते केव्हापासून वरच्या देवळात तुमची वाट बघतायत. उठा आता. 'उठतेच' म्हणू नका. उठा.