काठावरची काडी

त्या प्रदेशात जे झाड सर्वांत जास्त सामने हरे, त्याला नवा गडी सर्वांत आधी निवडता येई. नियम दयेपोटी केलेला होता. चिंचेच्या झाडाला मात्र त्याची सवय झाली. ते सलग नऊ ऋतू तळाला राहिले आणि नऊ वेळा पहिली निवड त्याचीच आली. पुढे पुढे चिंचेवरच्या पक्ष्यांना खेळापेक्षा निवडीचीच ओढ अधिक लागली. खेळात ते हरत. निवडीच्या दिवशी मात्र अजून कोणीच हरलेले नसे.

खेळ सोपा होता. माळावर समोरासमोर दोन वठलेली ताडाची झाडे होती आणि दोन्हींवर वेलीचे एकेक कडे बांधलेले होते. दोन्ही बाजूंचे पाच-पाच पक्षी कदंबाचा नारिंगी चेंडू चोचीत घेऊन उडत आणि समोरच्या कड्यातून तो पार करू पाहत. बाकीचे झाड फांद्यांवर बसून ओरडे.

निवडीची रीत अशी होती. ज्यांची नावे पुढे येत, त्या प्रत्येकासाठी एका बेचक्यात काड्यांचा ढीग पडे. ज्याला जो हवा, त्याच्या ढिगावर त्याने एक काडी टाकायची. उंच ढीग ज्याचा, तो गडी झाडाचा. मग त्याच काड्यांचे घरटे विणून त्याला दिले जाई. नव्या गड्याने स्वतःचे घरटे बांधायचे नाही. झाडाने आणलेल्या काड्यांतच त्याने राहायचे. या रीतीचा चिंचेला अभिमान होता. ‘आमच्याकडे कोणी एकट्याच्या घरट्यात राहत नाही,’ असे ते सांगत. या रीतीत आणखी एक कलम होते, पण ते सहसा कोणी बोलून दाखवत नसे: ज्याने काडी टाकली, त्याला ती कधीही परत नेता येई.

दहाव्या ऋतूला दोन नावे होती. एक पलीकडच्या टेकडीवरचा कोतवाल. चपळ, दुभंगलेल्या शेपटीचा, सगळ्यांनी अंड्यातून बाहेर येताना पाहिलेला. दुसरा खाऱ्या पाण्यापलीकडचा एक लांब पायांचा राखी पक्षी. त्याला एका साळुंकीखेरीज कोणीच पाहिले नव्हते.

साळुंकीचे नाव साळू. लहानपणी वादळात सापडून ती खाऱ्या पाण्यापार गेली होती, तिथेच खेळ शिकली आणि दोन वर्षांनी परतली होती. येताना ती खूप काही सांगायचे ठरवून आली होती. त्यातले बरेचसे अजून सांगायचेच राहिले होते.

“मी सांगतो,” आबा कावळा म्हणाला. चिंचेवर सर्वांत जुना तोच. “आपल्या मातीतलं पोर समोर असताना समुद्रापल्याडचं हवंय कशाला? त्याला आपला वारा ठाऊक नाही, आपलं ऊन ठाऊक नाही.”

“आबा, आपला वारा ठाऊक असलेल्यांनी नऊ वर्षं काय केलं?” साळू म्हणाली.

फांदी हसली. आबाने चोच झाडाला घासली.

तांबट पानाआडून टुकटुकला. झाडाचा हिशेबनीस तोच. कोणी किती वेळा चेंडू पार केला, हे त्याला पाठ असे. “कोतवालानं टेकडीवर एकवीस सामन्यांत त्र्याण्णव वेळा पार केला. तुझ्या त्या पाहुण्यानं?”

“तो फारसा पार करत नाही. तो दुसऱ्याला देतो.”

“देतो?” सातभाई एकदम कलकलले. सातही एका फांदीवर बसत, एकदमच बोलत आणि एकमेकांशीच भांडत. थोरला पुढे सरकला. “अगं, देणारे आपल्याकडे कमी आहेत का? आपले पाचही जण समोरच्या झाडालाच देतात!”

“आणि तिकडचं कडं किती उंच?” तांबट म्हणाला. “तिकडचे गडी कसले? तिकडचे दहा म्हणजे इकडचे किती, हे कोणी सांगेल का मला?”

“ते मोजून कळत नाही, तांबटदादा.”

“मग मला कळणारच नाही,” तांबट प्रामाणिकपणे म्हणाला.

तेव्हा साळू वरच्या फांदीवर जाऊन बसली आणि बोलली. त्या दिवशी ती फार छान बोलली, हे पुढेही कोणी नाकारले नाही. ती म्हणाली की आपण एका झाडाचे आहोत, त्याआधी एका खेळाचे आहोत. खारे पाणी मध्ये आहे म्हणून चेंडू वेगळा होत नाही. ती म्हणाली, “मी परकी म्हणून तिथं पडले होते. एक पंख मोडलेला. त्यांनी मला विचारलं नाही, तू किती वेळा पार करतेस. आधी बेचकं दाखवलं. एकेकानं एकेक काडी आणली. आपल्याच रीतीनं, आबा! आपली रीत तिकडंही आहे. मग ती आपण एवढीशी का ठेवायची?”

काड्या पडू लागल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही ढीग सारखे झाले. तांबटाने दोनदा मोजले. मग साळू तिच्या घरट्यात गेली आणि एक काडी घेऊन आली. ती इकडच्या कुठल्याच झाडाची नव्हती. खाऱ्या वाऱ्याने गुळगुळीत झालेली, एका टोकाला वाकलेली. परतताना तिच्या तिकडच्या घरट्याच्या काठातून ती तिला काढून दिलेली होती. काढून देणारा तोच राखी पक्षी होता. ती काडी साळूने त्याच्या ढिगावर ठेवली.

घरटे विणले गेले, तेव्हा ती शेवटची काडी काठावरून आडवी घातली आणि बाकीच्या तिच्याखाली अडकवल्या.

निवडीचा निरोप घेऊन साळू स्वतः खाऱ्या पाण्यापार गेली आणि परत फिरणाऱ्या वाऱ्याबरोबर त्याला घेऊन आली. त्याचे नाव ओइरान. वाटेत त्याने विचारले, “माझ्यासाठी किती जणांनी काड्या आणल्या?”

“अर्ध्या झाडानं,” ती म्हणाली.

“आणि उरलेल्या अर्ध्यानं?”

“ते तुला खेळताना बघतील.”

चिंचेवर उतरल्यावर त्याने आपले नाव सांगितले. आबा म्हणाला, “हे काही आमच्या चोचीत बसत नाही बाबा. खाऱ्या पाण्याचा तू. खारा म्हणू.” सगळे हसले, तोही हसला. पुढच्या आठवड्यात साळूनेही त्याला चारचौघांत खारा म्हणून हाक मारली. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले आणि मग ओ दिली.

पहिला सामना जांभळाच्या झाडाशी होता. कोतवालाला जांभळाने घेतले होते. ओइरानकडे चेंडू आला. त्याने दोनदा पंख वाजवले आणि न पाहताच चेंडू डावीकडे सोडला. डावीकडे चिंचेचा बुलबुल होता, पण तो कड्याकडे पाहत होता. चेंडू मातीत पडला. पुन्हा आला, पुन्हा पंख वाजले, पुन्हा पडला. असे सहा वेळा झाले. कोतवालाने तेवढ्यात नऊ वेळा पार केला.

“सहा,” तांबट म्हणाला.

“चेंडू त्याला पोळतो काय?” थोरला सातभाई ओरडला.

साळूला ठाऊक होते. तिकडे दोनदा पंख वाजले की चेंडू डावीकडे जातो, एकदा वाजला की उजवीकडे. तिकडे कोणी चेंडूकडे पाहत नाही. सगळे पंख ऐकतात. ती हे बुलबुलला एका वाक्यात सांगू शकली असती. तिने चोच उघडलीही. “तिकडं असं असतं की—”

“आलं!” थोरला ओरडला. “तिकडं आलं! मी म्हणत होतो ना, अजून कसं आलं नाही!”

सगळी फांदी हसली. परतल्यापासून साळूला दोन वर्षे हे ऐकावे लागले होते, आणि गेले थोडेच दिवस ते थांबले होते. तिने चोच मिटली. मग, फांदी अजून हसतच होती म्हणून, तीही थोडी हसली. खाली माळावर ओइरान वर पाहत होता.

दुसरा सामना गेला, तिसरा गेला. फांदीवर आता त्याचे पंख वाजवणे सगळ्यांना जमू लागले. तो चेंडू घेई तेव्हा शेकडो पंख एकदम दोनदा वाजत आणि हशा पिके. माळावर त्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज कोणालाही ऐकू येणे शक्य नव्हते.

एका दुपारी सातभाई साळूच्या शेजारी येऊन बसले. आज ते अगदी प्रेमाने बोलत होते.

“साळूताई, तुझी काडी अजून तिथंच आहे का गं?”

“आहे. का?”

“नाही, सहज. सगळे म्हणतात, साळूनंच आणला. आम्ही म्हटलं, तिचं काय चुकलं? तिकडं चांगला असेल. आपण कशाला बोला?”

ते उडून गेले. ओइरान माळावर एकटाच कड्यापाशी उतरत-चढत होता. साळू त्याच्या बेचक्यात गेली. घरटे नीटनेटके होते. तो त्यात पाय दुमडून, कडेकडेने बसत असावा, कारण मधला भाग जवळजवळ न वापरलेला होता. तिने स्वतःला सांगितले की ही काडी मुळात माझीच आहे. माझ्या घरट्यातली आहे. एक काडी गेल्याने घरटे मोडत नाही. आणि तिने काठावरची आडवी काडी ओढून काढली.

काठ सैल झाला.

मग बाकीच्यांना सोपे गेले. सातभाईंनी सात नेल्या. तांबटाने आपली नेली आणि आपण एकच नेली, हे दोघातिघांना सांगितले. आबाने काडी टाकलीच नव्हती, तरी त्याने एक नेली. गर्दीत कोणी विचारले नाही. कोणी सकाळी आले, कोणी भर उन्हात. भेटले की एकमेकांना म्हणत, “माझी तर एकच होती.” आणि ते खरेच होते. पाचव्या दिवशी बेचक्यात काही उरले नाही. त्याचे घरटे कोणी मोडले, असे विचारले असते तर सगळ्या चिंचेवर एकही नाव निघाले नसते.

ओइरानने तक्रार केली नाही. दुसरे घरटे बांधले नाही, कारण ती रीत नव्हती. तो मोकळ्या बेचक्यात एका पायावर उभा राहू लागला. शिशिराचे वारे सुरू झाले होते. साळूचे घरटे दोन फांद्या वर होते. ती गुळगुळीत काडी तिने आपल्या घरट्याच्या तळाशी, पिसांखाली घातली होती. ती तिला टोचत असे. काडीला काटा नव्हता.

अखेरच्या सामन्याच्या सकाळी ती बुलबुलपाशी गेली. आजूबाजूला कोणी नाही, असे पाहून म्हणाली, “दोनदा वाजले की डावीकडे. एकदा वाजला की उजवीकडे. त्याच्याकडे बघू नकोस. ऐक.”

बुलबुल तिच्याकडे पाहतच राहिला. “एवढंच?”

“एवढंच.”

“आणि हे तू आज सांगतेस?”

साळू उडून आपल्या फांदीवर गेली.

सामना पुन्हा जांभळाशीच होता. पहिल्यांदा पंख वाजले तेव्हा, फांदीने नक्कल सुरू करण्याआधीच, बुलबुल डावीकडे होता. चेंडू त्याच्या चोचीत येऊन पडला आणि कड्यातून गेला. फांदीवरचा हशा मध्येच तुटला. दुसऱ्यांदा झाले. तिसऱ्यांदा चिंचेकडून खेळणाऱ्या दयाळ पक्ष्यानेही कान दिला. मग पाचही जण ऐकू लागले, आणि चिंचेवरच्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता असा खेळ माळावर सुरू झाला: कोणी कोणाकडे पाहत नव्हते आणि चेंडू कुठेच पडत नव्हता. कोतवालाला चोच मारायला जागाच सापडेना. चिंच जिंकली.

सगळे झाड किंचाळत खाली आले. बुलबुलला उचलले. कोणाच्या तरी मनात आले आणि ते घरी धावले. मग सगळेच धावले. प्रत्येकाने आपल्या घरट्यातून ती एक काडी ओढली आणि चोचीत धरून जो तो बेचक्याकडे निघाला. तिथे पोचल्यावर त्यांनी एकमेकांना पाहिले. शंभर-सव्वाशे पक्षी, प्रत्येकाच्या चोचीत एक काडी. आजवर प्रत्येकाला आपली तेवढी ठाऊक होती. तांबटाने मोजले नाही.

बेचके रिकामे होते. सामना संपताच वारा फिरला होता. तो वर्षातून एकदाच तसा फिरे, आणि ओइरान माळावरूनच परस्पर त्याच्यावर चढला होता. काडी चोचीत असल्यामुळे कोणाला काही बोलता येत नव्हते, आणि आधी कोणी खाली ठेवायची ते कळत नव्हते. हळूहळू एकेक जण आपली काडी घेऊन घरी परतला.

पुढचा ऋतू चिंच सगळे सामने हरली. पहिली निवड पुन्हा तिचीच आली.

“या खेपेला बाहेरचाच आणायचा,” आबा कावळा म्हणाला. “आपल्या पोरांत ते कसब नाही. मी पहिल्यापासून सांगतोय.”

“तुम्ही?” थोरला सातभाई म्हणाला.

“मनातल्या मनात.”

त्याच दिवसांत खाऱ्या पाण्यावरून आलेला एक रोहित पक्षी चिंचेखालच्या डबक्यात उतरला. सगळे झाड त्याच्याभोवती जमले. “पाहुणे, तिकडं सध्या चांगला कोण खेळतो?”

“चांगले पुष्कळ आहेत,” रोहित म्हणाला. “पण ओइरानसारखा नाही. न पाहता देतो.”

“नाव नवीन दिसतंय,” तांबट म्हणाला. “हाच आणू! येईल का तो?”

“वाटत नाही. तो तिथून हलत नाही. त्याच्या शेजारच्या बेचक्यात एक रिकामं घरटं आहे. कोणा परदेशी पाखराचं होतं म्हणतात, ते कधीच निघून गेलं. आमच्याकडं एकदा घातलेली काडी कोणी परत नेत नाही. प्रत्येक वादळानंतर तो ते पुन्हा नीट करतो.” रोहितने एक पाय उचलून पोटाशी घेतला. “फक्त काठावर एका काडीएवढी फट आहे. तेवढी तो बुजवत नाही. विचारलं तर म्हणतो, ती काडी आहे, येईल.”

“भलतंच काहीतरी,” आबा म्हणाला. “मग दुसरा कोण आहे?”

वरच्या फांदीवर साळू आपल्या घरट्यात उभी होती. तिने पिसे बाजूला सारली, तळाशी चोच घातली आणि ती वाकलेली, गुळगुळीत काडी बाहेर काढली. मग ती काडी चोचीत धरून, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. खाली पहिला ढीग रचायला सुरुवात झाली होती आणि सगळे तिला हाका मारत होते, की ये, तुझी काडी टाक.