रंगोजीरावांची मान

कधीची गोष्ट ते विचारू नका, मला आठवत नाही. बाग मात्र आठवते. पिवळीधम्मक शेवंती, लालचुटुक गुलाब, पांढरीशुभ्र जाई, आणि पानापानावर इवले इवले दवबिंदू. त्या बागेत चिमुकली साळू आपल्या आईबरोबर फुलं खुडायला यायची. झोपडी गळकी, परकर ठिगळांचा, पण मुंगीवर पाय पडला तरी पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

बाग होती रंगोजीरावांची, आणि तिथली रीत मोठी विचित्र. सकाळी सगळ्यांनी फाटकाशी उभं राहायचं, "येऊ का?" म्हणायचं, आणि रावांची मान हलली की मगच आत पाऊल टाकायचं. घोटभर पाणी प्यायचं तरी आधी त्या मानेकडे बघायचं. आणि राव म्हणजे काय, साक्षात जमदग्नीचा अवतार! एकदा साळूची आई खुडता खुडता गाऊ लागली, तर केवढ्यांदा खेकसले, "गप्प! बाग माझी आहे!" झालं. त्या दिवसापासून आईचं गाणंच बंद झालं, अगदी घरीसुद्धा. ते गाणं ऐकल्याशिवाय साळूला झोप यायची नाही. ती नुसती पडून राहायची.

एका संध्याकाळी शेवंतीच्या वाफ्यात कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमलं. साळूने अलगद जाळं सोडवलं. आत अंगठ्याएवढी परी! केशरी पंख, आणि त्यांवर सोनेरी ठिपके.

"किती गं गुणाची तू!" परी म्हणाली. "माग, काय हवं ते. पण नियम ऐक हं. मागायचं ते दुसऱ्यासाठी. आणि दुसरी इच्छा मागितलीस, की पहिली पुसली जाईल."

"रावांना मायाळू कर," साळू पटकन म्हणाली.

अगं पोरी, जरा थांबायचंस की! पण एवढीशी ती, तिला काय कळणार?

दुसऱ्या दिवसापासून राव लोण्याहून मऊ झाले. कुणी विचारायच्या आधीच मान हलायची. साळूसाठी त्यांनी आंब्याला झोका बांधला, तिच्या मुठीत रेवड्या कोंबल्या. "आली का माझी चिमणी?" म्हणायचे. साळू त्यांना आजोबा म्हणू लागली. तिला कुणी आजोबा नव्हतेच हो.

एकदा राव आईला म्हणाले, "भागाबाई, गा की! अगदी मनमोकळं गा."

आई गायली. पण ओळ संपली की रावांकडे बघायची. मान डोलली की पुढची ओळ. मधेच रावांना शिंक आली, मान झटक्याने हलली, आणि आई पांढरीफटक पडून गप्प झाली.

"आई गं, नुसती शिंक होती ती," साळू घरी म्हणाली.

"ठाऊक आहे, बाळा. देवमाणूस झालेत ते. पण उद्या त्यांचं मन फिरलं, तर मी काय करणार, सांग? आपल्या हातात काय आहे?"

आपली इच्छा चुकली, हे साळूला तेव्हाच कळलं होतं. पण झोका होता, रेवड्या होत्या, आजोबा होते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता शेवंतीचा अख्खा बहर सरला. आईने पुन्हा गायला तोंड उघडलं नाही.

शेवटी ती वाफ्यापाशी गेली. "परीताई, मी चुकले. या बागेत कुणाला कुणाच्या मानेकडे बघावं लागू नये. रावांच्या नको, नि माझ्याही नको."

"तुझे आजोबा जातील, सोनुली."

साळू हमसून हमसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "जाऊ देत."

परीने तिच्या गालाची पापी घेतली. लख्ख केशरी उजेड पडला, फुलाफुलावर सोनेरी कण सांडले, आणि परी दिसेनाशी झाली.

सकाळी फाटक नव्हतं. तिथे जाईचा मांडव डवरला होता, आणि बाग सगळ्यांची झाली होती. कुणी कुठला वाफा खुडायचा यावरून मांडवाखाली माणसं तावातावाने भांडत होती, आणि मग आपसांत ठरवतही होती. राव काठी आपटत आले. "गप्प! केवढा गोंगाट!"

"बसा की राव," कुणीतरी म्हणालं, "तुमचाही वाफा आहे."

राव फणकाऱ्याने एका कडेला जाऊन बसले. साळूकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती रिकाम्या झोक्याशी जरा वेळ उभी राहिली.

आई फाटकाच्या जागी थबकली. "येऊ का?" म्हणाली. मान हलवणारं आता कुणी नव्हतं. साळूने तिचा हात धरून तिला आत नेलं.

शेवंतीत उभी राहून आई गाऊ लागली. दोन ओळी झाल्या, आणि ती अडखळली. "पुढचं काय होतं गं, साळू?"

साळूलाही आठवेना. किती दिवस झाले होते ऐकून! "मी आधीच मागायला हवं होतं गं," ती रडवेली होऊन म्हणाली.

आईला काही कळलं नाही. तिने लेकीला जवळ घेतलं आणि त्याच दोन ओळी पुन्हा म्हणू लागली.

तिकडे रावांना शिंक आली, चांगली मोठ्यांदा. आई गातच राहिली.