मारू की सोडू

“गाय कधी मारतच नव्हते, तर ‘मारू नका, सोडा’ असं मंत्रात का येतं?”

हा प्रश्न माझ्या दादाचा, हेरंबचा. तो त्याने लग्नाच्या मांडवात विचारला.

दादा घैसास गुरुजींकडे वेद शिकला. एका लग्नात नवरदेवाला मधुपर्काचं दहीमध देताना त्याने मंत्राचा अर्थ सांगितला. फार पूर्वी मानाच्या पाहुण्यासाठी गाय मारत. पाहुणा ‘सोडा’ म्हणाला, तर सोडत.

‘गाय कधी मारतच नव्हते, खोटं सांगतोस,’ म्हणत वऱ्हाडातल्या पोरांनी त्याला मांडवाबाहेर ढकललं. पायरीवर डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याला ढकललं तेव्हा गुरुजी मांडवातच बसले होते.

नवव्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेलो.

“दादा खोटं बोलला का?”

“पाटावर बस.”

“मला सुतक आहे.”

“ठाऊक आहे. बस.”

त्यांनी माझे पाय धुतले. वाटीत दहीमध दिलं. मग गोठ्यातून तांबू गाय आणली, दावं माझ्या हातात दिलं आणि स्वतः कोयता घेतला.

“तू पाहुणा. मारू की सोडू?”

“थट्टा करताय माझी?”

“पाहुण्याने बोलायचं असतं. बोल.”

माझं डोकं फिरलं. “मारा!”

गुरुजींनी कोयता उचलला... तांबू त्यांचं दुसरं मनगट चाटत होती.

“सोडा!” मी ओरडलो. दावं हातातून टाकलं.

कोयता खाली आला. तांबू कुंपणापाशी जाऊन गवत खाऊ लागली.

“ज्यांनी पहिल्यांदा ‘सोडा’ म्हटलं,” गुरुजी म्हणाले, “त्यांचे आजोबा ‘मारा’ म्हणत आले होते. दोघेही आपल्याच घरातले.”

“म्हणजे दादा खरं बोलला?”

“खरं.”

“मग मांडवात का बोलला नाहीत?”

“भ्यालो.”

मला त्यांना मारावंसं वाटलं. पण घरी आई वाट बघत होती.

“उद्या दहावा,” मी म्हणालो. “पिंडाला एकही भटजी येत नाही. सगळे म्हणतात, त्याने वेदाच्या नावावर खोटं सांगितलं.”

गुरुजींनी उपरणं खांद्यावर टाकलं. पायांत वहाणा सरकवल्या.

“दहावा उद्या आहे, गुरुजी.”

“आत्ताच चल. गावातून जाऊ, दारोदार सांगत. उद्यापर्यंत थांबलो, तर मी परत शहाणा होईन.”