गोलात अस्वल नव्हते त्या दिवशी

रोमानिया नावाच्या देशात, कार्पेथियन डोंगरातल्या एका घनदाट जंगलात, एक अख्खा फुटबॉल संघ राहत असे. हो, हो, फुटबॉल संघच! लाकूडतोडे जाताना एक चेंडू विसरून गेले, तो ससोबाच्या बिळावर येऊन आदळला आणि तिथून सगळे सुरू झाले. संघाचे खरे नाव रोमानियन भाषेत आहे आणि ते उच्चारताना माझी जीभ वळत नाही, म्हणून आपण त्याला डोंगर संघ म्हणू. कर्णधार होता एक दाढीवाला बोकड. रानडुक्कर बचावाला, ससा उजव्या बगलेला, हरिणी मधोमध आणि बाकी जो सापडेल तो! सर्वांत खालच्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी इतके गोल खाल्ले, की प्रत्येक गोलाला झाडावर एक टोचा मारणाऱ्या सुतारपक्ष्याला मध्येच झाड बदलावे लागले.

मग एक नवल घडले. मैदानाच्या टोकाला, गोलाच्या मागे, रानटी नासपतीचे एक झाड होते. त्याची पडलेली फळे खायला एक अस्वल आले आणि खाऊन सुस्तावले ते नेमके गोलाच्या तोंडाशीच बसले. समोरच्या संघाने चेंडू मारला, तो अस्वलाच्या पोटावर आपटून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा परत! अस्वलाने डोळे उघडून विचारले, "काय चाललंय?" बोकड धावत जाऊन म्हणाला, "अस्वलभाऊ, काही नाही, तुम्ही बसा. असेच बसा!" त्या दिवशी डोंगर संघाने आयुष्यातला पहिला सामना जिंकला. मुलांनो, काय सांगू, जंगलात त्या दिवशी नुसता धिंगाणा! कावळ्यांनी सूर्यफुलाच्या बिया सोलून सोलून टरफलांनी मैदान काळे केले. तिकडे सामना बघताना त्या बिया खायच्याच असतात, आपल्याकडे शेंगा खातात तशा.

पुढे अस्वल नुसते बसायचे सोडून उठून झेप घ्यायला शिकले आणि डोंगर संघ एक लीग वर चढला. मग आणखी एक. शहराजवळची गुबगुबीत मेंढरे हरली, कारखान्यामागचे उंदीर हरले आणि एके वर्षी पाहतात तर काय, सर्वांत वरच्या लीगच्या दारात डोंगर संघ उभा! आता एकच सामना उरला होता. जिंकेल तो वर, हरेल तो तिथेच. आजवर या जंगलातून तिथवर कोणी पोचले नव्हते. आणि समोर होता दलदल संघ, खाली डॅन्यूब नदीच्या काठचा.

या दलदल संघाचीही गंमत ऐका. त्यांचा गोलकीपर करकोचा होता आणि पुढे खेळायला सगळे बेडूक. करकोचा आणि बेडूक एकाच संघात! म्हणून तर बेडूक चेंडू आपल्या गोलाकडे कधी येऊच देत नसत. मागे गेलो तर चेंडू वाचेल, आपण वाचू की नाही कोण जाणे. या भीतीपायी ते असे काही चढाई करत, की समोरच्याला घाम फुटे. त्यांचा व्यवस्थापक होता एक कोल्हा. लबाड, गोडबोल्या आणि स्वतःवर भलताच खूश. खेळाडूंना तो फक्त सामन्याच्या दिवशी भेटे. हंगाम संपला की कोण कुठे जाते, काय खाते, जगते की मरते, याची त्याला फिकीर नसे.

तिकडे हिवाळ्यात लीग थांबते आणि वसंतात पुन्हा सुरू होते. हा शेवटचा सामनाही एप्रिलमध्ये ठरला होता. पण कोल्ह्याच्या डोक्यात एक किडा वळवळला. तो लीगच्या अध्यक्षाकडे, म्हणजे एका वयोवृद्ध रेड्याकडे गेला आणि लवून म्हणाला, "महाराज, एप्रिलात बर्फ वितळतो, नदीला पूर येतो, आमचं मैदान पाण्याखाली जातं. सामना फेब्रुवारीतच उरकून टाकू या की." रेड्याला पाण्यात डुंबायला आवडत असे, पण पाण्यात फुटबॉल बघायला नव्हे. त्याने मान डोलावली. कोल्हा बाहेर येऊन खो खो हसला, "फेब्रुवारीत अस्वल कुठे असतं? गुहेत, घोरत! आता बघतो डोंगर कसा वर चढतो ते."

बातमी जंगलात पोचली आणि एकच हलकल्लोळ झाला. "उठवा अस्वलाला!" रानडुक्कर ओरडले. "ढोल बडवा, अंगावर बर्फ टाका, काही करा, पण उठवा! असा सामना पुन्हा येणार नाही!" सगळे गुहेकडे धावले. खरे म्हणजे तो रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. या जंगलाची एक रीतच होती: अस्वल झोपले की बाकीच्यांनी पाळीपाळीने गुहेच्या तोंडावरचा बर्फ सारायचा, म्हणजे आत त्याला श्वास घ्यायला हवा मिळते. त्या दिवशीची पाळी सशाची होती आणि तो उकरतच होता.

बोकडाने आत डोकावून पाहिले. अस्वल अंगाची जुडी करून पडले होते. शरद ऋतूतले ते गरगरीत पोट आता उरले नव्हते. एक श्वास आला, आणि दुसरा यायला इतका वेळ लागला की ससा घाबरून कान लावून बसला. म्हातारी हरिणी हळूच म्हणाली, "मधेच उठवलेल्या अस्वलाला पुन्हा झोप लागत नाही बाबांनो. बाहेर खायला काडी नाही. माझ्या लहानपणी एकाला शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी असंच उठवलं होतं. वसंत काही त्याला दिसला नाही."

रानडुक्कर तरी म्हणाले, "एकच दिवस, बोकडदादा! एका सामन्यापुरतं!" बोकडाच्या डोळ्यांसमोर सर्वांत वरची लीग होती. लहानपणापासून त्याने दुसरे कसले स्वप्न पाहिलेच नव्हते. तो दाढी हलवत म्हणाला, "त्याला झोपू द्या. लीग गेली तर पुन्हा चढू, अस्वल गेलं तर कुठून आणू? चला, सरावाला लागा. डुकरा, गोलात तू उभा राहा."

सामन्याचा दिवस उजाडला. नदीकाठचे मैदान गोठून फरशीसारखे टणक झाले होते. कोल्हा ऐटीत आला, त्याने शिट्टी मारली आणि आपल्या संघाची वाट पाहू लागला. चार बदके आली. दोन पाणमांजरे आली. मग कोणीच येईना! "बेडूक कुठे मेले?" कोल्हा खेकसला. एक बदक म्हणाले, "साहेब, बेडूक तर चिखलात झोपलेत. थंडीत ते झोपतातच की." कोल्ह्याचा जबडा लोंबला. "आणि करकोचा?" "तो आफ्रिकेत गेलाय साहेब. दर वर्षीच जातो." कोल्ह्याने जवळच्या घराच्या धुराड्यावरच्या करकोच्याच्या घरट्याकडे पाहिले. घरट्यात नुसता बर्फ! दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ त्याला कोसावरून दिसले होते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काही दिसले नव्हते.

पंच होता गरुड. त्याच्याशी हुज्जत घालायची कोणाची छाती नव्हती. तो म्हणाला, "निदान सात खेळाडू हवेत. तुमचे सहा आहेत. सातवा आणा, नाहीतर सामना डोंगर संघाला दिला." हे ऐकून डोंगरवाले आनंदाने उड्याच मारू लागले. पण कोल्हा काही कमी नव्हता. त्याने कोट काढला, शेपूट चड्डीत खोचले आणि जाहीर केले, "सातवा मी! मी गोलकीपर!" त्याला वाटले, गोलात काय, नुसते उभे तर राहायचे असते.

"ते सात, आपण अकरा! चुराडा करू त्यांचा!" रानडुक्कर दात चमकवत म्हणाले. बोकडाने मान हलवली. "आपणही सातच उतरायचं." रानडुक्कर तापलेच. "दादा, तुम्हाला थंडी बाधली का? आयती चालून आलेली संधी!" बोकड म्हणाला, "आपलं अस्वल झोपलेलं बघून कोल्ह्याने डाव मांडला, तर आपण त्याला लबाड म्हणालो. मग त्याचे बेडूक झोपलेले बघून आपण डाव मांडला, तर आपल्याला काय म्हणायचं?" चौघे कुरकुरत बाहेर बसले. सातास सात! गरुडाने शिट्टी फुंकली आणि सामना सुरू झाला.

आणि सुरू होताच डोंगर संघाचे धाबे दणाणले. बदकांना गोठलेल्या जमिनीची सवय होती; ती फताफत पंजे टाकत सुसाट निघाली. पहिला गोल! पाणमांजराने पोटावर घसरत चेंडू नेला. दुसरा गोल! डोंगरवाल्यांना झाले होते तरी काय? झाले होते ते असे: इतकी वर्षे मागे अस्वल असायचे, म्हणून चेंडू हातचा गेला की पुढचे खेळाडू जागच्या जागी उभे राहून बघत बसत. अस्वल आहे, अडवेल! आजही ते तसेच उभे राहिले आणि बिचारे रानडुक्कर एकटेच इकडून तिकडे धडपडत राहिले. कोल्हा तिकडून ओरडला, "काय बोकडोबा, डोंगर उतरायला लागलात का?"

मध्यंतर झाले. कोणी कोणाकडे बघेना. रानडुकराच्या डोळ्यांत पाणी होते. बोकड त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "मागे वळून बघा. काय दिसतं? मागे अस्वल नाही, मागे आपणच आहोत. चेंडू गेला की सातही जण मागे. चेंडू मिळाला की सातही जण पुढे. दमलात तर गुहेत आपलं अस्वल कसा श्वास घेत होतं ते आठवा."

मग काय सांगू तुम्हाला! उत्तरार्ध सुरू झाला आणि डोंगर संघ नुसता पिसाळला! बदकाने चेंडू मारला की समोर हरिणी हजर. पाणमांजर घसरले की आडवा बोकड! म्हातारी हरिणी धापा टाकत होती, तरी थांबेना. बोकडाने धावत येऊन शिंगांनी असा काही चेंडू ढकलला, की कोल्ह्याच्या पायांमधून गोलात! एक फिटला! कावळ्यांच्या चोचीतल्या बिया खाली पडल्या. मग हरिणीने दुरूनच टोला हाणला आणि कोल्ह्याने भीतीने डोके खाली घातले. दोन्ही फिटले, बरोबरी! बाहेर बसलेले ते चौघेही कुरकुर विसरून घसा फाटेस्तोवर ओरडू लागले.

शेवटची काही मिनिटे उरली. चेंडू सुटला आणि सशाला मिळाला. ससा पळाला! बदके मागे पडली, पाणमांजरे मागे पडली, आता समोर फक्त कोल्हा. कोल्ह्याला एक विद्या चांगली येत होती, ती म्हणजे समोरच्याचे डोळे वाचायची. ज्या बाजूला याची नजर, त्या बाजूला हा मारणार! त्याने सशाच्या डोळ्यांत पाहिले. पण सशाचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना! एक डोळा डावीकडे बघत होता, दुसरा उजवीकडे. कोल्हा डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणि पायात पाय अडकून मधोमध बसला. सशाने हलकेच चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला. गोल! गोल! गोल! तेवढ्यात गरुडाची शिट्टी झाली आणि डोंगर संघ सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला!

मार्चमध्ये करकोचा आफ्रिकेहून परतला, बेडूक चिखलातून वर आले आणि त्यांना सारे कळले. त्यांनी कोल्ह्याला एवढेच सांगितले, "पुढच्या वेळी सामना ठरवण्याआधी आम्हाला विचारायला या. पत्ता ठाऊक नसेल तर बदकांना विचारा." कोल्ह्याला त्यांच्याकडे बघवेना.

एप्रिलच्या एका सकाळी अस्वल डोळे चोळत गुहेबाहेर आले. हाडे दिसत होती, पोट पाठीला लागले होते. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सामना कधी आहे?"

सगळे एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी ससा म्हणाला, "झाला." अस्वलाचा चेहरा उतरला. "मग हरलो असू. मी नव्हतो ना."

"जिंकलो," बोकड म्हणाला.

अस्वलाने पंजाने जमीन उकरली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यावाचून चालतं तर."

"कसलं चालतंय, अस्वलभाऊ!" बोकडाने आपले डोके त्याच्या हाडकुळ्या खांद्यावर टेकवले. "तुमच्या एकट्याच्या जागी सातजण मागे धावलो, तेव्हा कुठे भागलं. वरच्या लीगमधला पहिला सामना शनिवारी आहे. आधी पोटभर खाऊन घ्या."

तात्पर्य, मुलांनो, इतकेच : दुसऱ्याची उणीव हेरून डाव मांडणारा आपलेच घर बघायला विसरतो, पण जो झोपलेल्या सोबत्याला जपतो, त्याच्यासाठी जागे असलेले सगळे जिवाच्या आकांताने धावतात.