बशीतला चहा

बाहेरून येणारे परीक्षक दोन प्रकारचे असतात: चहा पिणारे आणि नापास करणारे. डॉ. टिळेकर दोन्ही करायचे.

तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा चालली होती. वसुधा घोंगडे समोर येताच त्यांनी विचारलं, "एक लिटर पाण्यात एक मोल साखर विरघळवली, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. द्रावण किती मोलर?"

"एक मोलरपेक्षा कमी, सर."

"कमी?" टिळेकर सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असं हसले. "एक मोल, एक लिटर, एक मोलर! पटवून दे, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

तेवढ्यात शिपायाने चहा आणून ठेवला. पाहुण्यांचा मान म्हणून कप अगदी काठोकाठ भरलेला, साखर वेगळी.

"सर, साखर किती घालू?" वसुधाने विचारलं.

"तीन चमचे."

तिने तीन चमचे अलगद सोडले. ढवळलंसुद्धा नाही, तरी चहा ओघळून बशीत जमला.

"चहा मी थेंबभरही वाढवला नाही, सर. साखरेनं जागा घेतली. तुमच्या लिटरभर पाण्याचंही असंच होतं, ते लिटरच्या वर जातं; आणि मोलरचा, म्हणजे लिटरमागे किती मोल याचा, हिशेब तर अख्ख्या द्रावणावर करायचा असतो. आता हा बशीतला चहा हिशेबात धरायचा की नाही, तुम्हीच सांगा."

टिळेकरांनी बशीकडे पाहिलं, मग उचलून तोंडाला लावली आणि फुर्र करून रिकामी केली.

"धरायचा," ते म्हणाले. "पुढचा कोण?"