डिझेलची अंघोळ

बाजार समितीचे सभापती भाऊसाहेब काळोखे गरजले की वजनकाटासुद्धा मान खाली घालतो, असं आमच्या पेठेत म्हणतात. एकदा त्यांची गाडी प्रत्येक खड्ड्याला पुढून ‘कुंईऽ’ करत इब्राहिम मिस्त्रीच्या शेडमध्ये शिरली.

“मिस्त्री, तुझा हात लागल्यापासून ही रडतेय. चूक कबूल कर, नाहीतर समितीच्या जागेतली ही शेड उद्याच उचल!”

मिस्त्रीनं गाडीखाली डोकावलं. डिझेलचा वास आला. सरळ विचारलं तर साहेब कानांवर हात ठेवणार! म्हणून तो हरखून म्हणाला, “वा भाऊसाहेब! खालून इतकी लखलखीत गाडी तालुक्यात नाही. धुतली कुणी?”

साहेब फुलले. “दसऱ्याच्या पूजेला मी स्वतः उभं राहून डिझेलचा फवारा मारून घेतला!”

शेडच्या दाराशी चहा पिणाऱ्या हमालांनी ते ऐकलं. मिस्त्रीनं पुढच्या चाकामागच्या सांध्यातल्या रबरी बुशांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि बॉनेट दाबून गाडी खालीवर हलवली. कुंई बंद!

“डिझेलनं रबर खाल्लं, साहेब. ओलं आहे तोवर गप्प, वाळलं की रडणार. नवे बुश घालतो.”

“म्हणजे दसऱ्याला गाडी धुवायचीच नाही?”

“धुवा की! यंदा दिवाळीला तुम्ही डिझेलनं अंघोळ करून बघा. तुम्हाला मानवली, तर पुढच्या दसऱ्याला तिलाही घालू.”

हमालांना चहाचा ठसका लागला. तेव्हापासून गाडी गप्प आहे, आणि शेडच्या बाबतीत साहेबही.