तिसरे फावडे

जिवंतपणी अंत्यविधी झालेल्या राजकन्येची कथा अनेक रूपांत सांगितली जाते. एका रूपात तिची राजहंसी होते. दुसऱ्यात परका राजपुत्र तिला कबरीतून वर काढतो आणि कथा लग्नाने संपते. दोन्ही रूपे मेजवानीच्या प्रसंगी सांगण्यासाठी घडवलेली दिसतात, कारण त्यांत विधीचा दोष विधीबाहेरचे कुणी किंवा काही येऊन दूर करते. मिठागरांच्या बाजूला सांगितले जाणारे तिसरे रूप लहान आहे, आणि त्यात बाहेरचे कुणी येत नाही. येथे तेच दिले आहे.

एका राज्यात राजाहून विधी मोठा होता. मूल जन्मले तरी पाण्याचा विधी होईपर्यंत ते जन्मले असे कुणी धरीत नसे. राजा सिंहासनावर बसला तरी कपाळाला पवित्र तेल लागेपर्यंत त्याची आज्ञा स्वयंपाकघरातदेखील चालत नसे. कुष्ठ झालेल्या माणसासाठीही एक विधी होता. त्याला खणलेल्या कबरीत उभे करीत, त्याच्यासाठी घंटा वाजवीत, त्याच्या नावाची मेणबत्ती विझवीत, आणि धर्माध्यक्ष त्याच्या पायांवर तीन फावडी माती टाकीत. तिसऱ्या फावड्यानंतर तो माणूस मेला असे ठरे. मग तो आपल्या पायांनी चालत गावाबाहेर जाई.

थोरली राजकन्या आदेला हिच्या मनगटावर पांढरा डाग उठला, तेव्हा तिलाही कबरीत उतरवले. घंटा वाजली, मेणबत्ती विझली. दुसरे फावडे पडले आणि धाकटा भाऊ ओडो गर्दीतून धावत आला, फावड्याच्या दांड्याला लोंबकळला आणि "ताई, ताई" म्हणून असा रडला की धर्माध्यक्षांचेही डोळे भरून आले. आई गेल्यावर त्याला आदेलानेच वाढवले होते. लोक हळहळले आणि उरलेले झालेच असे समजून पांगले. आदेला वेशीबाहेर गेली. तिसरे फावडे टाकायचे राहून गेले.

अपुरा विधी राज्याला बाधला. नवरानवरी शपथा घेऊन घरी येत आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना "आपण कोण?" असे विचारीत. पाण्याचा विधी झालेली मुले संध्याकाळपर्यंत आपले नाव हरवून बसत. विधीपूर्वक पुरायला नेलेले म्हातारे शवपेटीत उठून बसत आणि सूप मागत, आणि वाटणीसाठी जमलेल्या मुलांची तोंडे उतरत. वृद्ध राजा तेवढा उठला नाही. तो रणात पडला होता आणि त्याच्यावर कुणी विधीच केला नव्हता. त्याच्यामागे ओडोला अभिषेक करायला घेतला, तर कुपीतले तेल दगड झालेले. राज्याला राजा नाही ही बातमी शेजाऱ्यांना लागली आणि सीमेवर परकी सैन्ये गोळा होऊ लागली.

आदेला मिठागराच्या कडेला झोपडीत राहत होती. मनगटावरचा डाग नखाएवढाही वाढला नव्हता. वारा पाठीशी घेऊन उभे राहून लोक तिच्याशी बोलत, पण नावाने हाक मारीत नसत. मेलेल्यांची नावे घेण्याचा दिवस वर्षातून एकच असे. त्या दिवशी ती महामंदिराच्या भिंतीबाहेर उभी राही, आपले नाव ऐकून घेई आणि परत येई. तिला एवढेच हवे होते की कुणीतरी तिला जिवंत म्हणावे.

महामंदिराच्या शिखरावर एक डोमकावळा होता. तो सर्व विधींचा साक्षी होता आणि त्याला खोटे बोलता येत नसे. तो तिच्या दाराशी उतरला.

"काय मयत बाई, बरी आहेस ना?"

"अर्धी मेले आहे. अर्धी बरी आहे."

"तेच राज्याचे दुखणे आहे. विधी पुरा तरी व्हावा, नाहीतर उलटा तरी फिरावा."

उलटा कसा फिरतो, ते त्याने सांगितले. तिच्यासाठी वाजलेला घंटेचा नाद परत आणावा. तिच्यासाठी विझलेली ज्योत परत आणावी. मग तिने त्याच कबरीत उभे राहावे आणि तिच्या रक्ताच्या माणसाने सर्वांदेखत हात धरून तिला वर घ्यावे. आदेलाला तिसरे काम सर्वांत सोपे वाटले.

वाजून गेलेले नाद जेथे राहतात त्या दरीत ती गेली. दरीच्या राखणदाराने नाद मातीच्या घड्यात भरून दिला आणि बदल्यात तिचे हसू ठेवून घेतले. पुढे धुराची म्हातारी होती. जगातल्या विझलेल्या ज्योतींवर ती हात शेकत बसे. तिने ज्योत दिली आणि आदेलाच्या केसांचा काळा रंग घेतला. आदेलाने दोन्ही व्यवहार घासाघीस न करता केले.

ती परतली तो दिवस पुन्हा योजलेल्या अभिषेकाचा होता. भर दुपारी ती आपल्या कबरीत उतरली. घड्याचे तोंड उघडताच घंटेवाचून घंटा वाजली, आणि मेणबत्ती पेटली. सारी राजसभा गुडघ्यांवर आली. अभिषेकाचा पांढरा झगा घातलेला ओडो कडेशी येऊन उभा राहिला.

"ओडो, हात दे," ती म्हणाली.

त्याने धर्माध्यक्षांकडे पाहिले. ते हलक्या आवाजात म्हणाले की असे करू नये असे कोठे सांगितलेले नाही, पण करावे असेही नाही; आजवर कोणत्याही राजाने केलेले नाही; आणि त्याच हाताला उद्या डाग उठला, तर अभिषेक कुणाला करायचा?

"डाग होता तेवढाच आहे. ये, जवळून पाहा," आदेला म्हणाली.

ओडो जवळ गेला नाही. त्याने वर शिखराकडे पाहून डोमकावळ्याला विचारले, "विधी पुरा केला, तरी तेल पातळ होईल?"

"होईल. मला दोन्ही सारखेच."

ओडोने फावडे मागवले.

"याच दांड्याला तू लोंबकळला होतास," आदेला म्हणाली.

"तेव्हा मी लहान होतो, ताई. मला नियम ठाऊक नव्हते."

कबर कमरेएवढीच खोल होती. तिला वर चढता आले असते. पण हात धरल्यावाचून वर आलेली बाई पुन्हा अर्धीच राहिली असती, आणि राज्यही तसेच. ओडोने फावड्यावर थोडीशी माती घेतली.

"पायांवरच टाकतो," तो अजीजीने म्हणाला. "लागणार नाही."

आदेलाने झग्याचा घोळ पायांवरून बाजूला धरला. "टाक."

माती पडली. मेणबत्ती विझली. शहरात नवरे बायकांना ओळखू लागले, मुलांना आपली नावे आठवली, सूप मागणारे म्हातारे वाडगा खाली ठेवून निजले आणि पुन्हा उठले नाहीत. कबरीतली बाई स्वतःच वर चढली. लोकांनी नाकाला पदर, बाह्या लावून तिला वाट दिली, आणि ओडोने ती जाईपर्यंत खाली पाहिले. मग कुपीतले तेल पातळ झाले आहे असे कुणीतरी म्हणाले, आणि धर्माध्यक्षांनी ते राजाच्या कपाळाला लावले.